भिंतीकडे सरकणारे डबे

दिवा राहू दे बंद. गच्चीवर चांदणं पुरेसं आहे, आणि डास उजेडालाच येतात.

तुम्ही भाचरं दर वेळी म्हणता, मामा, तुझ्या गोष्टीतली माणसं फक्त तुलाच ठाऊक असतात. हा माणूस तुम्हालाही भेटू शकतो. चौकाच्या पुढे कुलपं आणि छत्र्यांचं दुकान आहे, तिथे बसतो. पण त्याला ही गोष्ट विचारायची नाही. विचारलीत तर तो उठून आत जाईल, आणि मला पुढचे आठ दिवस फोन करणार नाही.

आधी तो मशिनं दुरुस्त करायचा. पंखा, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, जे जे फिरतं ते सगळं. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो. गाण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, त्यात तो ठार ढ आहे. पण मशीन त्याच्याशी बोलायचं. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दहा सेकंदांत सांगायचा, मागचं बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर खरंच गेलेलं. एकदा त्याने ते टोक माझ्या पोटावर टेकवलं आणि म्हणाला, तू काल रात्री चोरून खाल्लंस. ते पण खरं निघालं.

तर मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. अठरा तारीख, मंगळवार. संध्याकाळी सातला त्याला फोन आला. बोलणारे गृहस्थ सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर जमिनी मोजल्या, नकाशे काढले. त्यांच्याकडे दगड घासायचं मशीन होतं, त्याचा आवाज फार वाढला होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू तक्रार करत होते. उद्या सकाळी येतो, असं कानसेन म्हणाला. ते म्हणाले, नको, रात्रीच या. आवाज रात्रीच नीट कळतो.

यात वावगं काही नव्हतं. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात बारीक खोड सापडत नाही, हे कानसेनलाही माहीत होतं. जेवून, पिशवी घेऊन, नऊला तो त्यांच्या दारात उभा राहिला.

तळमजल्याचं घर. पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे एक छोटी खोली. दार मोजणीवाल्यांनी उघडलं. सत्तरीच्या आतबाहेरचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. ती कानसेनच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिली. डॉक्टर घरी आला की आपण त्याच्या बॅगेकडे बघतो, तसं.

मशीन मागच्या खोलीत होतं. खोली त्यांच्या मुलाची, हे सांगावं लागलं नाही. पलंगावर चादर ताणून घातलेली, खुंटीला एक जाड पिवळं जाकीट, टेबलावर हेल्मेट. सगळं जागच्या जागी आणि सगळ्यावर धुळीचा थर. पुसायला कुणाचा हात धजला नसावा.

तुम्ही असलं मशीन पाहिलं नसेल. साधं असतं. लोखंडी चौकट, तिच्यात दोन आडवे रूळ, रबर चढवलेले. एक मोटर पट्ट्याने रूळ फिरवते. त्या रुळांवर दोन रबरी डबे आडवे ठेवायचे, तेलाच्या डब्याएवढे. डब्यात दगड, पाणी आणि घासायची पूड. रूळ फिरले की डबे फिरतात, आत दगडावर दगड घासतो. रात्रंदिवस. एक पूड आठ दिवस, मग तिच्याहून बारीक, मग आणखी बारीक. महिन्याने ओबडधोबड दगड काचेसारखा होऊन बाहेर येतो. नदी जे काम हजार वर्षांत करते, ते हे मशीन महिन्यात करतं.

मशीन चालू होतं. आवाज दोन होते, हे कानसेनला उंबऱ्यातच कळलं. एक खडखड, डब्याच्या पोटातली. आणि एक खर्र… खर्र, डब्याची कड चौकटीला घासत असल्याची. दोन्ही डबे सरकून सरकून डाव्या टोकाला, भिंतीच्या बाजूला जाऊन भिडले होते.

त्याने मशीन बंद केलं. आधी खडखड घेतली. मोटर ठीक, बेअरिंगला दोन थेंब तेल, पट्टा ताणलेला. मग एका डब्याचं झाकण काढलं, तर आत दगड पावसुद्धा नव्हते. मूठभर दगड आणि राखाडी चिखल. डबा निम्म्याच्या वर भरलेला असावा लागतो, तरच दगड एकमेकांवरून गुळगुळीत घसरतात. रिकाम्या डब्यात ते उडतात आणि आदळतात. खडखड तिथली.

मोजणीवाले वाकून बघत राहिले. त्यांनी रविवारी स्वतः पाऊण डबा भरला होता, मोजून. ते घाईने सांगायला लागले की मी विसरणारा माणूस नाही, वजन लिहून ठेवलंय.

कानसेन म्हणाला, असेल हो, होतं कधी कधी. पण मनात म्हणाला, पाणी उडून जाईल, दगड कुठे उडून जाणार? मान वर केली, तेव्हा दारात बायको उभी होती. तिने नजर खाली वळवली.

पलंगाखाली पोती होती. सहा-सात तरी. मोजणीवाल्यांनी एकातून दगड काढून दिले. काळे, धारदार, ताजे फुटलेले. नदीतले नव्हेत, खाणीतले. कानसेनने दोन्ही डबे भरले, झाकणं आवळली, मशीन चालू केलं. खडखड गेली. त्या जागी मऊ, ओला, सरसर आवाज. मोजणीवाल्यांचा चेहरा सैल झाला. बायकोचा नाही.

आता राहिलं सरकणं. हा तर त्याच्या हातचा मळ. डबा सरकतो तो मशीन एका बाजूला कललं म्हणून. त्याने लेव्हलची पट्टी ठेवली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. बुडबुडा बरोबर मधे. कलच नाही. मग रूळ एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब असतील, तर तसंही होतं. मापून बघितलं. केसाचाही फरक नाही. मग डबेच एका बाजूला झिजले असतील. त्याने ते उलटे फिरवून ठेवले. चालू केलं. पाच मिनिटांत दोन्ही डबे डाव्या टोकाला. खर्र… खर्र.

शेवटी त्याने मशीनच उचलून उलट केलं. डावं टोक उजवीकडे, उजवं डावीकडे. हा पक्का उपाय. खोड मशीनमध्ये असेल, तर डबे आता उजवीकडे सरकायला हवेत. चालू केलं आणि तो उकिडवा बसून बघत राहिला.

डबे डावीकडेच सरकले. भिंतीकडेच.

म्हणजे खोड मशीनमध्ये नाही. जमिनीतही नाही, बुडबुडा मधेच होता. मग कशात आहे? पंचवीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला. घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं.

त्याने पाचरी मागितल्या. भिंतीकडची बाजू दोन बोटं उचलायची, म्हणजे डब्यांना चढ लागेल, आणि ते आपोआप मागे येतील. मोजणीवाले परसात लाकूड शोधायला गेले. त्यांची पावलं लांब गेली, तशी बायको आत आली. एकदम जवळ. आणि हळू म्हणाली,

"दगड मी काढते. रोज रात्री. हे झोपले की."

कानसेनला काही कळेना. तिने सांगितलं ते असं. तिचा मुलगा दगडखाणीत कामाला होता, सुरुंगाची भोकं पाडणारं मशीन चालवायचा. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, कडा कोसळला. तिघं खाली. दोघं दुसऱ्या दिवशी सापडले. हा सापडला नाही. सहा दिवस खणलं, मग वरचा कडा पण हलायला लागला आणि काम थांबवलं. तेव्हापासून हे दर रविवारी तिथे जातात. दोरी लावलीय, आत कुणी जात नाही, हे जातात. त्या ढिगातून एक पोतं भरून आणतात. टाकून द्यायचे नाहीत म्हणून घासत बसतात. म्हणतात, असा ढीग कधीतरी संपेल.

"किती वर्षं लागतील ते पण यांनी काढलंय," ती म्हणाली. "मला सांगत नाहीत."

आणि दगड का काढता, असं कानसेनने विचारलं. ती दाराकडे बघत म्हणाली, "खडखड असली म्हणजे बाकीचं ऐकू येत नाही. तुम्ही आवाज घालवू नका. पाया पडते. होता तसा करून ठेवा."

परसातून पावलं परत आली. ती बाजूला झाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

कानसेनला तेव्हाच उठायला हवं होतं. तो मला नंतर म्हणाला, मी पिशवी उचलली असती तर कुणी अडवलं नसतं. पण कारागिराला अर्धवट काम सोडवत नाही. तुमच्यातला जो कुणी हाताने काम करेल, त्याला हे कळेल.

त्याने पाचरी घातल्या. भिंतीकडची बाजू दोन बोटं वर. आता डोळ्यांनीसुद्धा चढ दिसत होता. चेंडू ठेवला असता तर घरंगळत दारापर्यंत आला असता. मशीन चालू केलं.

डबे फिरायला लागले. क्षणभर जागीच. मग हळूच… भिंतीकडे. चढावर. एक एक सूत. दमलेला माणूस जिना चढतो तसे. वर पोचले. चौकटीला भिडले. खर्र…



मग मोजणीवाले म्हणाले, "त्या भिंतीतून सरळ रेघ मारली तर अकरा किलोमीटर दोनशे मीटर. मी मोजलंय."

पुढे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

त्यांनी स्वतः बटण बंद केलं. डबे थांबले. वरच्या मजल्यावर कुणीतरी पाणी ओतल्याचा आवाज, मग तोही नाही. मोजणीवाले खाली बसले, कानसेनच्या समोर, मशीन मधे. म्हणाले, आवाजाचं निमित्त होतं. मी तुम्हाला आवाजासाठी बोलावलं नाही. तुमच्या कानाबद्दल ऐकलंय. जरा लावून बघा.

"मशीन बंद आहे, साहेब."

"म्हणूनच."

कानसेनने स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक डाव्या डब्यावर टेकवलं. मूठ कानाला लावली. डोळे मिटले.

आधी काही नाही. पाणी निथळल्यासारखं. दगड खाली बसत असल्याचं. हे नेहमीचं.

मग… ठक.

ठक. ठक.

थांबलं.

परत. ठक… ठक, ठक. थांबलं.

मी त्याला विचारलं होतं, अरे, दगड असेल, एकावर एक घसरला असेल. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मशीन कधी वाट बघत नाही. दगड वाट बघत नाही. तो आवाज ठोकायचा, आणि मग… वाट बघायचा. ठोकायचा, आणि ऐकायचा. पलीकडे कुणी आहे का, ते.

त्याने डोळे उघडले. मोजणीवाले त्याच्या तोंडाकडे बघत होते. पलंगावर बायको. तिची मान अगदी बारीक हलत होती. नाही. नाही. सांगू नका.

"काही नाही, साहेब," कानसेन म्हणाला. "दगड बसतायत."

मोजणीवाल्यांनी मान डोलवली. बराच वेळ डोलवत राहिले. मग म्हणाले,

"मी पण हेच सांगितलं होतं."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. दीड वर्ष कुणाला सांगितलं नव्हतं. आवाज न चढवता, जमिनीचं माप वाचून दाखवावं तसं सांगितलं. सहाव्या दिवशी, रात्री दहाच्या सुमाराला, बचावपथकाच्या प्रमुखाने त्यांना ढिगाजवळ जाऊ दिलं. वरचा कडा तडकत होता. खाली चार जण खणत होते. प्रमुख म्हणाला, मला ही चार माणसं वर काढायचीत. पण आतून काही ऐकू येत असेल तर नाही काढणार. तुम्ही बाप आहात, तुम्ही कान लावा. आम्हाला काही येत नाही. यांनी एका मोठ्या दगडाला कान लावला. आणि त्यांना आलं. बारीक. तीन ठोके. मग थांबणं. त्यांनी मान वर केली. समोर त्या चारांपैकी एक जण बाटलीने पाणी पीत होता. वीस-बावीसचा. बाटली धरलेला त्याचा हात थरथरत होता. प्रमुखाने विचारलं, काही येतंय? आणि यांनी काळजावर दगड ठेवून सांगितलं, काही नाही. दगड बसतायत. मग कागदावर सही केली. चौघं वर आले. पहाटे कडा पडला.

"मी परत ठोकलं पण नाही," ते म्हणाले. "एकदा जरी ठोकलं असतं, तर त्याला कळलं असतं की कुणी आहे."

तेवढ्यात त्यांना आठवलं की बायको खोलीत आहे. ते वळले. पण वर बघायचं धाडस झालं नाही.

ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही घरी आलात तेव्हाच."

बस्स. एवढंच. दीड वर्ष दोघं एका घरात, एका ताटाशी, एका छताखाली. हा तिच्यापासून लपवतोय, ती याला ऐकू येऊ नये म्हणून रात्री उठून डबे रिकामे करतेय. पोरांनो, भूत वगैरे राहू दे बाजूला. मला झोप लागत नाही ती याच्यामुळे.

आणि मग…

स्क्रूड्रायव्हर न लावता. तिघांनाही. ठक. ठक. ठक.

मोजणीवाल्यांनी हात पुढे केला. बोट दुमडलं. डब्यावर तीनदा वाजवलं. दारावर वाजवतो तसं.

शांतता.

मग आतून एकदम. ठकठकठकठकठक. घाईने, न थांबता. कुणाला तरी कळलंय, कुणीतरी आलंय, असं कळल्यावर माणूस ठोकेल तसं. कानसेन म्हणाला, मी भीतीने मागे सरकलो नाही. मला रडू आलं. त्या ठोकण्यात आनंद होता रे.

बापाने झाकण काढलं. हात घसरत होते. बायको पण खाली आली. दोघांनी डबा परातीत उपडा केला. राखाडी चिखल. दगड. त्यांनी चिखलात हात घातले, एक एक दगड बोटांनी चाचपला. फक्त दगड. डबा उघडल्या क्षणी आवाज थांबला होता. दुसरा डबा उघडला. तिथेही तेच.

परत भरले. परत झाकणं लावली.

ठक… ठक.

उघडलं, की काही नाही. बंद केलं, की तो आत. तीनदा केलं. कानसेननेही मदत केली, पान्याने झाकणाचे बोल्ट सोडवले. काही उपयोग नाही. खणायला जागाच नव्हती.

चौथ्यांदा त्यांनी उघडलं नाही. बायकोने डबा मांडीवर घेतला. मोजणीवाल्यांनी त्यावर हात ठेवला. आतून वाजलं, की ते वर वाजवायचे. आतून वाजलं, की वर. बराच वेळ. कानसेन भिंतीला टेकून बसला होता. त्याला उठवेना.

मग अंतर वाढत गेलं.

ठक…

…ठक.

बाप वाजवायचा, आणि वाट बघायचा. उत्तर यायचं. उशिरा. मग आणखी उशिरा. मग बापाने वाजवलं, आणि… नाही.

त्यांनी परत वाजवलं.

नाही.

कानसेनला स्क्रूड्रायव्हर लावायला सांगितलं. त्याने लावला. ऐकलं. मिनिटभर, दोन मिनिटं. दोघं त्याच्याकडे बघत होते. या वेळी त्याला खोटं बोलावं लागलं नाही.

पावणेबारा वाजले होते.

किती तरी वेळाने मोजणीवाले उठले. डबे जागेवर ठेवले. पाचरी काढल्या. बटण दाबलं. मशीन चालू झालं. मोटरचा बारीक गुंजारव, दगडांचा मऊ आवाज. आणि डबे मधोमध. पाच मिनिटं झाली, दहा झाली. भिंतीकडे सूतभरही सरकले नाहीत. कुठेच सरकले नाहीत. जिथे ठेवले, तिथे फिरत राहिले.

कानसेन म्हणतो, इतकं सरळ चाललेलं मशीन मी जन्मात पाहिलं नाही. आणि ते बघून तो म्हातारा माणूस मशीनसमोर बसला, आणि त्याने टाहो फोडला. इतके दिवस डबे सरकत होते तोवर…

जाऊ दे.

पुढचं थोडं आहे. मोजणीवाले त्या रविवारी खाणीकडे गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ढिगातला एकही दगड परत आणला नाही. जेवण तुटलं, बोलणं तुटलं, आणि फेब्रुवारीत गेले. आजार म्हणावा असा काही नव्हता. बायको तिच्या बहिणीकडे राहायला गेली. जाताना पोती, मशीन, सगळं तसंच टाकून गेली. घराला कुलूप आहे. तिने कानसेनला एकदा फोन केला होता. विचारत होती, त्या रात्री शेवटी तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नाही ना? तो नाही म्हणाला. ती बरं म्हणाली. फोन ठेवला.

कानसेनने महिन्याभरात धंदा बंद केला. आपण म्हणतो ना, कानाला खडा लावला, तसं. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूला आता तो हात लावत नाही. कुलूप आणि छत्री, दोन्हीत मोटर नसते, एवढंच बघून त्याने दुकान घेतलं.

काय विचारतेस? नाही, ठोके त्याला पुन्हा कधी ऐकू आले नाहीत. तसं असतं तर निदान काय झालंय ते कळलं तरी असतं.

झालं ते वेगळंच. एप्रिलमध्ये त्याची बायको माहेरी गेली होती, आणि त्याला एकट्याने झोपवेना, म्हणून मी त्याच्याकडे राहायला गेलो. झोपायच्या आधी त्याने उशीचा अभ्रा काढला, खिडकीबाहेर झटकला, आणि मला दाखवला. पांढराशुभ्र. म्हणाला, नीट बघ. मग म्हणाला, आता झोपू नकोस, जमलं तर. मी नाही झोपलो. खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसलो, दिवा चालू ठेवून. तो उजव्या कुशीवर झोपला. रात्रभर कूस बदलली नाही. पंखा बंद, खिडकी बंद. एक माशीसुद्धा खोलीत आली नाही. मी डोळे मिटले नाहीत, हे तुमच्या आईची शपथ घेऊन सांगतो.

सव्वापाचला तो जागा झाला. मान उचलली.

उशीवर, बरोबर कानाच्या खाली, चिमूटभर पूड होती. राखाडी. मी बोटावर घेतली, चोळली. बारीक, खरखरीत. दगडाची.

डॉक्टरांनी त्याचा कान तीनदा तपासलाय. आत काही नाही, स्वच्छ आहे म्हणतात.

त्याने माझ्यासमोर उशी झटकली. पूड एका बोटभर बरणीत टाकली. बरणी कपाटात ठेवली. कपाटात तशा चार होत्या… भरलेल्या.